आयटूपीवरचा मेल दर दोन दिवसांनी बंद पडतो? पासवर्ड बदलायच्या आधी घड्याळ बघा

तीन आठवडे या प्रॉब्लेमने माझं डोकं खाल्लंय म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय, परत मलाच लागेल कधीतरी. लक्षण असं की आयटूपीवरचा पोस्टमनचा मेलबॉक्स आज मस्त चालतो, उद्या सकाळी उघडला की नुसतं गोल गोल फिरतं आणि शेवटी टाइमआउट. संध्याकाळी आपोआप सुरू. मग दोन दिवस नीट. मग परत तेच. पूर्ण मेलेलं असतं तर बरं, एकदाच पोस्टमॉर्टेम केलं असतं, पण हे असं मधूनच बंद पडणारं काही असलं की माणूस वेड्यासारखा कुठलेही स्क्रू पिळत बसतो. मी पण बसलो. पासवर्ड तीनदा टाकून बघितला, थंडरबर्डचं (म्हणजे माझ्या मेल प्रोग्रामचं) अकाउंट उडवून परत बनवलं, शेवटी तर आयटूपीच काढून परत टाकलं, आणि हा सगळ्यात मोठा गाढवपणा होता, कारण जुन्या फोल्डरसकट उडवलं की तुमच्या राउटरने (वायफायचा डबा नव्हे, तुमच्या मशीनवर चालणारा आयटूपीचा प्रोग्राम) इतक्या दिवसांत जमवलेली बाकीच्या राउटरांची माहिती पण जाते आणि नवीन राउटरला परत शून्यापासून ओळखीपाळखी करत बसावं लागतं. म्हणजे आधी मेल स्लो होता तो आता आणखी स्लो.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळीत. आयटूपी हे २००३ पासून चालू असलेलं पीअर-टू-पीअर नेटवर्क, कोण कोणाशी बोलतंय ते मधल्या कुणाला कळू नये यासाठी बनवलेलं. त्याच्या आत पोस्टमन या नावाने एक जण मेल सर्व्हिस चालवतो, तिथे खातं काढलं की मेल डॉट आयटूपी असा पत्ता मिळतो. तुमच्या मशीनवर आयटूपीचा राउटर चालू असतो आणि तो दोन लोकल पोर्ट उघडून बसतो, मेल पाठवायला ७६५९ आणि मेल आणायला ७६६०. जावावाल्या आयटूपीत सुसीमेल नावाचा छोटा वेबमेल आधीपासूनच असतो, तो राउटर कन्सोलमध्येच उघडतो, म्हणजे १२७.०.०.१ वर पोर्ट ७६५७. थंडरबर्ड किंवा दुसरं काही वापरायचं तर त्याला हेच दोन पोर्ट द्यायचे. बास, एवढंच.

आता मला काय कळलं ते सांगतो. मेल येत नाही म्हटलं की आपण मेलच्या सेटिंगमध्ये घुसतो, पण दहातल्या नऊ वेळा मेलचा काही संबंधच नसतो. खालचं टनेल झोपलेलं असतं. टनेल म्हणजे तुमच्या बाजूने साधारण तीन अनोळखी मशीन आणि समोरच्या सर्व्हरच्या बाजूने अजून काही मशीन, अशा साखळीतून तुमचा प्रत्येक बाइट जातो, आणि यायची वाट वेगळी. परत ही साखळी दहाच मिनिटं टिकते, त्याच्या आत राउटरला नवीन बांधावी लागते. एवढ्या सगळ्यातून पॉप-थ्रीसारखा मेल उतरवायचा जुना प्रोटोकॉल, ज्याचे नियम सांगणारी आरएफसी १९९६ सालची आहे, तो बिचारा 'नमस्कार, मी अमुक, माझी टपालं किती' असं एक एक वाक्य बोलून प्रत्येक वेळी उत्तराची वाट बघतो. म्हणून स्लो वाटतं. त्यात नवल नाही. पण रोज ठराविक पद्धतीने बंद पडत असेल तर मात्र काहीतरी ठोस कारण असतं.

माझं कारण कसं सापडलं ते ऐका. माझ्या डेस्कटॉपवर डुअल बूट आहे, लिनक्स माझं स्वतःचं आणि विंडोज टॅलीसाठी, कारण घरच्या दुकानाचे हिशोब तिथे असतात. आयटूपी मी लिनक्सवर चालवतो, आणि जावावालं नाही तर आयटूपीडी, सी प्लस प्लसवालं, कारण मशीन जुनं आहे आणि ते हलकं पडतं. एकदा सहज कॅलेंडरवर मेल बंद पडल्याचे दिवस लिहायला लागलो (बायको म्हणाली दूधवाल्याचे खाडे लिहितोयस का) आणि आठवड्याभरात दिसलं की ज्या रात्री मी विंडोजमध्ये बसून बिलं करतो त्याच्या दुसऱ्या सकाळी मेल बंद. दर वेळी. मग लॉग उघडून बघितला तर त्यातल्या पहिल्या काही ओळींची वेळ दुपारची, आणि मी तर सकाळी सात वाजता चहा घेऊन बसलेलो.

साडेपाच तासाचा फरक. बरोब्बर साडेपाच. आता भारतातल्या कुठल्याही माणसाला साडेपाच म्हटलं की पेटायला पाहिजे, पण मला तीन आठवडे लागले. होतं असं की मदरबोर्डवर जे बॅटरीवालं घड्याळ असतं त्यात विंडोज आपली भारतीय वेळ लिहितं, आणि लिनक्स तेच घड्याळ वाचताना ते यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ, आहे असं धरतं आणि त्यात अजून साडेपाच तास मिळवतं. म्हणजे सकाळचे सात हे साडेबारा होतात. नेट जोडलं की लिनक्स टाइम सर्व्हरला विचारून घड्याळ दुरुस्त करतं, म्हणून स्क्रीनवर कोपऱ्यात बघितलं तर वेळ बरोबरच दिसते, आणि इथेच मी फसलो. कारण आयटूपीडी त्या दुरुस्तीच्या आधीच, बूट होतानाच, सुरू झालेलं असतं. त्याने चुकीच्या वेळेनुसार सगळा हिशोब मांडलेला असतो, साठवलेल्या राउटरांची माहिती त्याला शिळी वाटते, आणि थोड्या वेळाने अचानक घड्याळ साडेपाच तास मागे उडी मारतं. मग त्याने कुठलं टनेल कधी संपतं ते काय समजायचं. आयटूपीत सगळं घड्याळावर चालतं, एकमेकांच्या वेळेत साधारण मिनिटभराच्या वर फरक निघाला की समोरचे राउटर तुमच्याशी बोलायलाच तयार होत नाहीत. आणि जावावाला आयटूपी स्वतः टाइम सर्व्हरला विचारून आपलं आतलं घड्याळ जुळवून घेतो, आयटूपीडीत ती सोय आहे पण मुळात बंद असते. म्हणून माझ्या मित्राला, तो जावावाला वापरतो, हा प्रॉब्लेम कधी आलाच नाही आणि तो मला म्हणायचा तुझा पासवर्ड चुकत असेल. धन्यवाद मित्रा.

उपाय दोन केले, दोन्ही करा असं माझं मत. पहिला, विंडोजलाच सांगायचं की बाबा हे बोर्डावरचं घड्याळ यूटीसी आहे. रजिस्ट्रीमध्ये टाइमझोन इन्फर्मेशनची जी की आहे त्यात रिअल टाइम इज युनिव्हर्सल नावाची व्हॅल्यू बनवून १ टाकायची, चारही शब्द चिकटून लिहायचे, मध्ये स्पेस नाही. उलटं पण करता येतं, लिनक्सला टाइमडेट-सीटीएलने सेट-लोकल-आरटीसी १ सांगायचं, पण मग टाइमडेट-सीटीएल स्वतःच वॉर्निंग देतं की हे काही बरोबर नाही, म्हणून मी विंडोजला वाकवलं. दुसरा उपाय, आयटूपीडीची सर्व्हिस घड्याळ जुळल्यावरच सुरू होऊ द्यायची. सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम) टाइम-सिंक नावाचं टार्गेट असतं, सर्व्हिसच्या आफ्टरच्या ओळीत ते टाकायचं, आणि सिस्टमडीची टाइम-वेट-सिंक ही सर्व्हिस चालू करून ठेवायची, नाहीतर ते टार्गेट खऱ्या जुळणीची वाट न बघताच हो म्हणतं. शिवाय आयटूपीडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नेटटाइमचा सेक्शन असतो तिथे एनेबल्ड ट्रू केलं की ते स्वतःच वेळ विचारून घेतं. हे सगळं केल्यापासून महिना झाला, विंडोजवाल्या रात्रीनंतर एकदाही बंद पडलं नाही.

डुअल बूट नाहीये तरी घड्याळ बघाच. गावाकडे माझ्या चुलतभावाकडे जुना डेस्कटॉप आहे, लाईट गेली की इन्व्हर्टर नाही, आणि मदरबोर्डवरचा तो बटण सेल, सीआर २०३२, मेलेला. प्रत्येक वेळी लाईट गेली की कॉम्प्युटर कित्येक वर्षं मागे जातो. त्याच्याकडे तर ब्राउझरमध्ये साध्या साइटसुद्धा सर्टिफिकेटचा एरर देतात, पण तो नेटवर्कवालाच वाईट म्हणून सांगत होता सगळ्यांना. सेल बदलला, झालं.

आता समजा घड्याळ ठीक आहे. मग पुढची पायरी म्हणजे दोष कुठे आहे ते दोन मिनिटात ओळखायचं, आणि त्यासाठी मेल प्रोग्राम बंद करा, टेलनेट किंवा नेटकॅट (पोर्टला थेट जोडून बघायची छोटी टूल्स) काढा, आणि १२७.०.०.१ ला पोर्ट ७६६० वर जोडून बघा. लगेच 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर तिथे ऐकणारंच कुणी नाही, म्हणजे राउटर बंद आहे नाहीतर ते टनेल चालू केलेलं नाहीये. कनेक्ट झालं आणि नुसता कर्सर लुकलुकत बसला तर, इथे बरेच जण फसतात, कनेक्ट झालं म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलो असं नाही. तुमच्याच मशीनवरच्या राउटरने फोन उचललाय, पुढची लाईन तो अजून लावतोय. एक-दोन मिनिटं थांबा. अधिक चिन्ह आणि ओके असं काहीतरी आलं तर पोस्टमनच्या सर्व्हरने स्वतः उत्तर दिलंय, रस्ता मोकळा आहे, आता काही चुकत असेल तर ते नाव, पासवर्ड नाहीतर मेल प्रोग्रामचं सेटिंग. आणि काहीच न येता कनेक्शन तुटलं तर टनेल किंवा समोरचा सर्व्हर. एवढी एक टेस्ट मला पहिल्या दिवशी माहिती असती तर पासवर्ड तीनदा टाकून बघायची वेळ आली नसती.

रिफ्यूज्ड येत असेल आणि तुम्ही आयटूपीडीवाले असाल तर कारण बहुतेक सोपं आहे, त्यात मेलची टनेलं मुळात चालू नसतात. टनेल्स डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ती नमुना म्हणून असतात पण ओळींच्या पुढे हॅश असतो. हॅश काढा, पॉपसाठी पॉप डॉट पोस्टमन डॉट आयटूपी आणि डेस्टिनेशन पोर्ट ११०, एसएमटीपीसाठी (मेल पाठवायचा प्रोटोकॉल) एसएमटीपी डॉट पोस्टमन डॉट आयटूपी आणि पोर्ट २५, मग सर्व्हिस रीस्टार्ट. जावावाल्यात ही दोन्ही टनेलं आधीपासून असतात, हिडन सर्व्हिसेस मॅनेजरमध्ये जाऊन बघा, कुणीतरी (म्हणजे तुम्हीच, काहीतरी 'स्वच्छता' करताना) थांबवलेली नाहीत ना. तिथे एखादं टनेल स्टँडबाय दाखवत असेल तर घाबरू नका, ते बिघडलेलं नाही, कामाची वाट बघत बसलंय. पण त्याचा परिणाम असा होतो की तुम्ही मेल चेक करा म्हणता तेव्हा ते जागं होतं, टनेल बांधायला घेतं, तोपर्यंत मेल प्रोग्राम कंटाळून टाइमआउट देतो, आणि दुसऱ्यांदा दाबलं की झटक्यात मेल येतात. 'पहिल्यांदा येत नाही, दुसऱ्यांदा येतं' अशी ज्यांची तक्रार आहे त्यांचं हेच. थंडरबर्ड मुळात १०० सेकंद थांबतो, कॉन्फिग एडिटरमध्ये मेलन्यूज डॉट टीसीपी-टाइमआउट म्हणून सेटिंग आहे (टीसीपीटाइमआउट तिथे सलग एकच शब्द आहे), मी ते ३०० केलंय. आणि थंडरबर्ड उघडल्या उघडल्या मेल चेक करा हा टिक काढून टाका, सकाळी राउटर पण नुकताच उठलेला असतो, त्याला दहा-पंधरा मिनिटं द्या. नवीन इन्स्टॉल असेल तर तासभर द्या. माझ्या अनुभवात राउटर चोवीस तास चालू ठेवणाऱ्यांना असल्या तक्रारी फारशा नसतातच, रोज बंद-चालू करणाऱ्यांना असतात.

पत्ता सापडत नाही असा एरर असेल तर ती ॲड्रेस बुकची गोष्ट. आयटूपीत आपल्या नेहमीच्या, नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएससारखं मध्यवर्ती काही नाही, प्रत्येकाच्या मशीनवर नावांची वही असते आणि ती सबस्क्रिप्शनने भरते. नवीन राउटरची वही रिकामी असू शकते, पहिली यादी उतरेपर्यंत पोस्टमन कोण हेच त्याला माहिती नसतं. थांबा, होतं ते.

पॉप उत्तर देतोय पण लॉगिन होत नाही, हे असेल तर आधी बघा युजरनेममध्ये काय टाकलंय. पूर्ण पत्ता नाही टाकायचा, ॲटच्या आधीचं नाव तेवढंच. थंडरबर्ड स्वतःच्या हुशारीने पूर्ण पत्ता भरून ठेवतो कधी कधी, पॉपमध्ये तुम्ही दुरुस्त करता आणि एसएमटीपीचं युजरनेम वेगळ्या पानावर असतं ते तसंच राहतं, मग मेल येतात पण जात नाहीत. हे माझं झालेलं आहे. आणि खातं नुकतंच काढलं असेल तर लगेच हातघाईवर येऊ नका, चहा पिऊन या.

खातं काढायचं पानच उघडत नाही अशी पण तक्रार असते. एचक्यू डॉट पोस्टमन डॉट आयटूपी हे पान उघडायला ब्राउझरला एचटीटीपी प्रॉक्सी द्यावा लागतो, १२७.०.०.१ पोर्ट ४४४४. प्रॉक्सी दिला की उलट सुसीमेल बंद पडतो काही जणांचा, कारण ब्राउझर आता स्वतःच्याच मशीनचं पान पण प्रॉक्सीतून मागायला लागतो, म्हणून १२७.०.०.१ ला 'प्रॉक्सी नको'च्या यादीत घाला. फायरफॉक्समध्ये एचटीटीपीएस-ओन्ली मोड चालू असेल तर आयटूपीच्या साइटसाठी बंद करा, त्या साइट साध्या एचटीटीपीच्याच असतात, कूटबद्ध करायचं काम खालचं नेटवर्क करतं. आणि पत्ता टाइप करताना पुढे एचटीटीपी कोलन स्लॅश स्लॅश लिहाच, नाहीतर ब्राउझरला डॉट आयटूपी हे काही साइटचं नाव वाटत नाही, तो ते सरळ सर्च इंजिनला पाठवून देतो. म्हणजे गुपचूप जायचं ठिकाण भर चौकात ओरडून विचारल्यासारखं.

तसंच काहीसं थंडरबर्डमध्ये अकाउंट बनवताना होतं, आणि हे फार कमी लोक बोलतात. तुम्ही तुमचा मेल डॉट आयटूपीचा पत्ता टाकून पुढे गेलात की तो सेटिंग शोधायला निघतो, नेहमीच्या इंटरनेटवर, नेहमीच्या डीएनएसने. त्याला तिथे काही मिळणार नाहीच, पण तुमच्या नेटवाल्याच्या डीएनएसला कळलं की या घरातलं कुणीतरी मेल डॉट आयटूपी शोधतंय. म्हणून आधी थंडरबर्ड ऑफलाइन करा, मग अकाउंट बनवा, मॅन्युअल सेटिंगमध्ये सगळं हाताने भरा. पॉप-थ्री, १२७.०.०.१, ७६६०. आउटगोइंग १२७.०.०.१, ७६५९. एसएसएल 'नन'. पासवर्ड 'नॉर्मल'. इथे थंडरबर्ड लाल अक्षरात धमकी देतो की कनेक्शन सुरक्षित नाही, घाबरून लोक टीएलएस चालू करतात आणि मग परत 'मेल चालत नाही'. अहो, ते साधं कनेक्शन तुमच्या मशीनपासून तुमच्याच मशीनपर्यंत आहे, पुढे सगळं आयटूपी कूटबद्ध करून नेतं. आयमॅप निवडू नका, ही सर्व्हिस पॉपच देते.

अजून एक, थोडं विषयांतर. थंडरबर्डने पाठवलेल्या मेलच्या डेट हेडरमध्ये तुमचा टाइमझोन असतो. अधिक ०५३०. म्हणजे तुम्ही भारतात नाहीतर श्रीलंकेत, एवढं समोरच्याला विनासायास कळलं. ज्यांना ते लपवायचंय त्यांनी थंडरबर्ड सुरू करताना टीझेड हे व्हेरिएबल यूटीसी करून सुरू करावा. मला काही लपवायचं नसतं, मी जर्मनीतल्या कॉलेजच्या मित्राशी गप्पा मारतो आणि तो मला शिव्या देतो, पण करायचं तर पूर्ण करावं.

आता तेच तेच मेल परत परत उतरतात ती गंमत. पॉपमध्ये 'हे मेल काढून टाक' असं सांगितलं तरी सर्व्हर ते खरंच काढतो शेवटी, क्विट म्हटल्यावर. मध्येच टनेल तुटलं तर सर्व्हर म्हणतो हा माणूस निरोप न घेता गेला, काहीच काढायचं नाही. पुढच्या वेळी तेच मेल पुन्हा. कुणीतरी मोठी अटॅचमेंट पाठवलेली असेल तर ती दर वेळी अर्धी उतरते, तुटते, परत पहिल्यापासून, आणि तिच्या मागचे छोटे मेल अडकून राहतात, एका बैलगाडीमागे सगळा घाट तुंबल्यासारखे. सुसीमेलमध्ये जाऊन ते एक मेल डिलीट करा आणि पाठवणाऱ्याला सांगा छोटे तुकडे करून पाठव. कनेक्शन तुटल्यावर लगेच परत जोडलं तर 'मेलबॉक्स लॉक्ड' किंवा 'इन यूज' असं येऊ शकतं, कारण पॉपमध्ये एका वेळी एकालाच पेटी उघडता येते आणि सर्व्हरला वाटतं आधीचे तुम्ही अजून आत आहात. पाच-दहा मिनिटं हात लावू नका. आणि सुसीमेल आणि थंडरबर्ड दोन्ही एकदम उघडे ठेवून दर मिनिटाला चेक करायला लावलं असेल तर ते दोघं एकमेकांनाच बाहेर काढत बसतात, मग दोष सर्व्हरला. एकच वापरा. दोन्ही वापरायचेच असतील तर थंडरबर्डमध्ये मेसेज सर्व्हरवर राहू द्या हा टिक लावा, नाहीतर याने उतरवलेलं त्याला दिसणार नाही आणि 'माझे मेल गायब झाले' अशी नवीनच बोंब.

बाहेरच्या जगाशी मेल करताना पत्त्याचा घोळ सारखा होतो. आत तुम्ही मेल डॉट आयटूपी, पण बाहेर इंटरनेटवर असं काही डोमेनच नाही. तुम्ही बाहेर पाठवलेलं मेल गेटवेतून जाताना तुमचा पत्ता आयटूपीमेल डॉट ऑर्ग असा होतो, आणि बाहेरच्या माणसाने तुम्हाला लिहायचं तर त्यालाही हाच द्यायचा. नाव तेच, मागचं वेगळं. मी भाच्याला आतला पत्ता दिला, त्याचं मेल लगेच बाउन्स, आणि मी आठवडाभर ७६६० चं टनेल तपासत बसलो. बाहेर पाठवलेलं मेल पोचलं नाही तर आधी समोरच्याला स्पॅम फोल्डर बघायला सांगा, असल्या गेटवेवरून आलेल्या मेलकडे मोठ्या मेल कंपन्या संशयानेच बघतात. आणि एक ध्यानात असू द्या, बाहेर गेलेलं मेल हे साधं मेल, आतल्या आत पाठवलेलं सुद्धा पोस्टमनच्या सर्व्हरवर येऊनच थांबतं. नेटवर्क तुम्ही कुठे बसलाय ते लपवतं, पत्रातला मजकूर लपवायचा तर पीजीपी (मजकूर कूटबद्ध करायचं साधन) तुम्हालाच वापरावं लागेल.

नेट कनेक्शनबद्दल. कन्सोलमध्ये 'फायरवॉल्ड' दिसलं की लोक पोर्ट फॉरवर्डिंगच्या मागे लागतात. आपल्याकडे मोबाइल डेटावर आणि बऱ्याच ब्रॉडबँडवर एकाच आयपीमागे शेकडो घरं असतात, तिथे फॉरवर्ड करायला काही नसतंच. फायरवॉल्ड असून मेल व्यवस्थित चालतो, थोडा हळू इतकंच. पण हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांना एक वेगळाच फटका बसतो, तो म्हणजे सकाळी मेल येतात आणि दुपारनंतर सगळं बंद. रोज. कारण तुमचा राउटर बाकीच्यांचं ट्रॅफिक पण वाहतो, जावावाल्यात ठरवलेल्या स्पीडच्या ८० टक्के शेअर मुळातच चालू असतो, आणि रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारपर्यंत दुसऱ्यांची ओझी वाहण्यात संपलेला असतो. बँडविड्थच्या पानावर लिमिट आणि शेअर दोन्ही खाली आणा, आयटूपीडीत नो-ट्रान्झिट म्हणून ऑप्शन आहे. घरच्या ब्रॉडबँडवर असाल तर मात्र कंजूषपणा करू नका, सगळ्यांनी नो-ट्रान्झिट केलं तर टनेल बांधायचं कुणाच्या मशीनवरून?

राउटरला एकही पीअर, म्हणजे दुसरा राउटर, दिसत नसेल, आकडा शून्यावर अडकला असेल, तर रीसीड झालेलं नाही, म्हणजे सुरुवातीची ओळखीची यादीच मिळालेली नाही. काही ऑफिस-कॉलेजच्या नेटवर ते सर्व्हर ब्लॉक असतात. रीसीडच्या पानावर फाइलमधून रीसीड करायची सोय आहे, दुसऱ्या नेटवरून किंवा ज्याचा राउटर चालू आहे अशा ओळखीच्या माणसाकडून फाइल आणायची आणि चढवायची.

हे सगळं करून पण पोस्टमनचाच सर्व्हर बंद असेल तर? असतो कधी कधी, हौसेने चालवलेली सर्व्हिस आहे. तेव्हा टेलनेटला ओके येत नाही पण आयटूपीतल्या बाकीच्या साइट उघडतात, ही खूण. मग काही करायचं नाही, थांबायचं. मी त्या काळासाठी आयटूपी-बोट पण टाकून बघितलं होतं, त्यात मध्ये सर्व्हरच नसतो, मेल कूटबद्ध होऊन बाकीच्यांच्या मशीनवर १०० दिवसांपर्यंत पडून राहतं आणि समोरचा आला की उचलतो, आयडिया मला फार आवडली. पण पत्ता म्हणजे फोनवर सांगता येणार नाही असली लांबलचक अक्षरांची माळ, आणि प्लगइनची देखभाल फारशी होत नाही. मित्राला पत्ता पाठवायला मला शेवटी पोस्टमनचंच मेल वापरावं लागलं.

तुमचं वरच्यातलं काहीच जुळत नसेल तर टेलनेटला नेमकं काय उत्तर आलं, राउटर किती तास चालू आहे, जावावालं की आयटूपीडी, आणि लॉगमधल्या पहिल्या ओळीची वेळ, एवढं सांगा. 'मेल चालत नाही' एवढ्यावरून मला पण काही कळणार नाही.